चौथी गोळी कोणती? आधी रक्ताला विचारा

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात ज्याचे येणे-जाणे आहे, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गोणीचे तोंड पाहून भाव ठरवणारा फसतो. हात खोल घालून तळची मिरची वर काढणारा सहसा फसत नाही. रक्तदाबाच्या बाबतीत मात्र हेच चाणाक्ष लोक वरवर पाहून सौदा करतात. बीपी वाढले, गोळी वाढवा. तरी उतरले नाही, आणखी एक वाढवा. दोनाच्या तीन झाल्या, तरी आकडा १६० च्या खाली येईना. मग चौथी कोणती, हे कधी औषध दुकानदार सांगतो, कधी शेजारचे अण्णा स्वतःची पट्टी पुढे करतात, तर कधी गाव बदलून नवा डॉक्टर गाठला जातो.

वाचकहो, आजच्या लेखात याच चौथ्या गोळीचा विचार करायचा आहे. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. तीन गोळ्यांना दाद न देणाऱ्या रक्तदाबावर चौथे औषध महागडे किंवा नवे असले पाहिजे, असे मुळीच नाही. बहुतेकांच्या बाबतीत स्पायरोनोलॅक्टोन नावाची जुनी, स्वस्त गोळी सर्वांत उपयोगी पडते. पण रक्तातील पोटॅशियम आणि क्रिएटिनीन तपासल्यावाचून ती डॉक्टरांनी देऊ नये आणि रुग्णाने घेऊ नये. जिथे ही तपासणी सहज होत नाही, तिथे ती सोय मागणे हादेखील उपचाराचाच भाग आहे.

हट्टी रक्तदाब म्हणजे काय?

आपल्याकडे ठिबक सिंचन घरोघरी माहीत आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. नळीतला दाब तीन कारणांनी वाढतो. नळी अरुंद झाली, मोटर जास्त जोर लावू लागली किंवा आत पाणीच जादा झाले. शरीरातही थोडेफार असेच घडते. म्हणून रक्तदाबाची औषधे वेगवेगळ्या अंगांनी काम करतात. अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल ही औषधे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एका संप्रेरकाचा मार्ग अडवतात. क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवीच्या गोळ्या जादा मीठ आणि पाणी बाहेर काढतात.

या तिन्ही प्रकारांतले एकेक औषध पुरेशा मात्रेत, नियमित चालू आहे, आणि तरीही रक्तदाब १४०/९० च्या वरच राहतो, तेव्हा त्याला हट्टी रक्तदाब म्हणतात. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. तीन गोळ्या चालू आहेत, पण त्यांत लघवीची गोळीच नाही, तर तो हट्टी रक्तदाब नव्हे. तिन्ही आहेत, पण अर्ध्या मात्रेत आहेत, तरीही नव्हे. अशा वेळी चौथी गोळी शोधण्याऐवजी आहे त्या तिघांची घडी नीट बसवायची असते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ वर्षांवरील बायकांमध्ये सुमारे २१ टक्के आणि पुरुषांमध्ये २४ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा ते त्यावर औषध घेत होते. यांतील बहुतेकांचा रक्तदाब एक-दोन गोळ्यांनी ताब्यात येऊ शकतो. हट्टी रक्तदाबाचे रुग्ण त्या मानाने थोडे. पण अर्धांगवायू, हृदयविकार आणि किडनी निकामी होणे, या तिन्ही संकटांच्या सर्वांत जवळ हेच लोक उभे असतात. म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष परवडत नाही, आणि अंदाजपंचे उपचारही परवडत नाहीत.

आधी तळची मिरची पाहा

चौथी गोळी लिहिण्यापूर्वी चार गोष्टी तपासल्याच पाहिजेत.

पहिली गोष्ट, माप बरोबर आहे का? दवाखान्याचा जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा दंड तसाच पुढे ओढून घेतलेले माप खरे नसते. पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर आणि उघडा असावा. आधीच्या अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यावे. माप घेताना बोलू नये. दंड जाड असेल आणि त्याला लहान पट्टा गुंडाळला, तर आकडा उगाच जास्त येतो. दोन-तीन मापे एकेक मिनिटाच्या अंतराने घ्यावीत. काहींचा रक्तदाब तर पांढरा कोट पाहूनच चढतो. अशांनी घरी दंडावर बांधायच्या यंत्राने आठवडाभर सकाळ-संध्याकाळ माप घेऊन ते वहीत टिपावे. घरी घेतलेल्या मापांची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल, तर दवाखान्यातल्या मोठ्या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नसते.

दुसरी गोष्ट, गोळी खरोखर पोटात जाते का? हा प्रश्न दरडावून विचारला, की उत्तर नेहमी "हो" असेच मिळते. आपुलकीने विचारले, की खरे बाहेर येते. "डॉक्टरसाहेब, बरं वाटलं म्हणून महिनाभर बंद ठेवली होती." "लग्नाला गेलो, पट्टी घरीच राहिली." "सारखी गोळी घेतली की सवय लागते म्हणतात, म्हणून एक दिवसाआड घेतो." मिरचीच्या हंगामात दिवसा तोडणी आणि नंतर बाजार, अशा धावपळीत जेवणाचीच वेळ राहत नाही, तिथे गोळीची कुठून राहणार? अशा माणसाला चौथी गोळी देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याला गोळ्या वाढवून नव्हे, कमी करून मदत करावी. दोन किंवा तीन औषधे एकाच गोळीत मिळतात, ती द्यावीत. ती रोज एकाच वेळी, एखाद्या न चुकणाऱ्या कामाशी जोडून घ्यावी. सकाळी दात घासले की गोळी, इतके सोपे असावे.

तिसरी गोष्ट, दाब चढवणारे काही पोटात जाते का? इथे आपल्याकडचा एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. "तिखट खाल्लं की बीपी वाढतं" असे सर्रास म्हटले जाते, आणि मिरची पिकवणाऱ्या गावातली माणसे बीपी निघाले की पहिल्यांदा मिरची सोडतात. दोष मिरचीचा नाही, तिच्यासोबत येणाऱ्या मिठाचा आहे. आपली ज्वारीची भाकरी बिचारी बिनमिठाची. मीठ असते ते ठेच्यात, लोणच्यात, पापडात, सांडगी मिरचीत, शेव-चिवड्यात आणि वरून घेतलेल्या चिमटीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसभराचे एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत असावे. सैंधव मीठ घेतल्याने सुटका होत नाही, कारण तेही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच. हट्टी रक्तदाबात मिठाचा वाटा विशेष मोठा असतो. मीठ हात सैल सोडून खाल्ले, तर लघवीच्या गोळीचे काम पाण्यात जाते.

मिठाच्या जोडीला वेदनाशामक गोळ्या आहेत. दिवसभर वाकून तोडणी करणाऱ्या मावशींची कंबर आणि गुडघे दुखणारच. मग दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पट्टी येते आणि रोजची होते. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब चढवतात आणि किडनीला इजा करू शकतात. दुखण्यावर पॅरासिटामॉल, शेक, व्यायाम हे मार्ग आधी डॉक्टरांना विचारून पाहावेत. यांखेरीज पुड्यांतून दिली जाणारी स्टेरॉइड्स, दारू, नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या आणि खोकल्यासाठी दिवसेंदिवस चघळलेले ज्येष्ठमधही रक्तदाब वाढवते. ज्येष्ठमध वनस्पती म्हणून निरुपद्रवी वाटते, पण त्यातील एक घटक शरीरात मीठ साठवतो आणि पोटॅशियम कमी करतो.

चौथी गोष्ट, गोळ्यांची जोडणी बरोबर आहे का? तीन दवाखान्यांतल्या तीन चिठ्ठ्या घरी असल्या, की एकाच घराण्यातल्या दोन गोळ्या वेगवेगळ्या नावांनी पोटात जाण्याची भीती असते. कंपनीची नावे निराळी, आतले औषध एकच किंवा सख्खे भावंड. टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल ही औषधे एकत्र देऊन पाहणारा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात २५ हजारांहून अधिक रुग्ण होते. दोन्ही एकत्र घेतल्याने फायदा वाढला नाही, किडनीचा त्रास मात्र वाढला. एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात ते यालाच. म्हणून पट्टीवरचे ठळक नाव नव्हे, त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे मूळ नाव वाचायची सवय लावावी. शाळकरी नातवंडांना ते काम आनंदाने करता येते.

या चार गोष्टींतून सुटलेला रक्तदाब खरोखर हट्टी. मग डॉक्टरांनी किडनी तपासावी. जोरात घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाच्या झोपेची चौकशी करावी, आणि किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा विचार करावा. या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन नावाचा स्राव गरजेपेक्षा जास्त पाझरला, तर शरीर मीठ साठवत राहते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉ. जेरोम कॉन यांनी १९५५ साली या विकाराचे पहिले वर्णन केले. हा विकार पूर्वी समजत होते तितका दुर्मिळ नाही. शक्य असेल तिथे त्याची रक्ततपासणी स्पायरोनोलॅक्टोन सुरू करण्याआधी करून घ्यावी, कारण गोळी सुरू झाल्यावर त्या तपासणीचा अर्थ लावणे अवघड जाते.

सर्पगंधेपासून आजपर्यंत

रक्तदाबावर उत्तम औषध परदेशातूनच येते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित असलेले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या वनस्पतीचा रक्तदाबावरील उपयोग रुग्णांवर पद्धतशीर तपासला आणि १९४९ साली ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात तो मांडला. त्या काळी जगभरच्या डॉक्टरांच्या हाती रक्तदाबावर चांगले औषध जवळजवळ नव्हतेच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका मोजला गेला होता. एवढा मोठा माणूस, पण देण्यासारखे औषध नव्हते. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, तो या कामासाठी.

पुढे सर्पगंधेपासून काढलेले रेसरपिन हे औषध जगभर वापरले गेले आणि नंतर मागे पडले. मोठ्या मात्रेत सुस्ती आणि मनाची उदासी हे तिचे दोष दिसून आले आणि दरम्यान अधिक सोयीची औषधे मिळाली. यातून घेण्यासारखा धडा असा, की औषध देशी की विदेशी, जुने की नवे, हा प्रश्न दुय्यम. ते पद्धतशीर तपासले आहे का, आणि देताना त्याच्या दोषांवर नजर ठेवली जाते का, हे प्रश्न मुख्य.

चौथ्या जागेसाठी स्पर्धा

मग चौथ्या जागी कोण? अनेक वर्षे याचे उत्तर डॉक्टरांच्या सवयीवर अवलंबून होते. कोणी अॅटेनोलॉल देई, कोणी प्राझोसिन, कोणी क्लोनिडिन. २०१५ साली ब्रिटनमध्ये या प्रश्नाचा थेट निकाल लावणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन औषधे चालू असूनही रक्तदाब न उतरलेल्या ३३५ रुग्णांना त्यात घेतले होते. प्रत्येकाला पाळीपाळीने स्पायरोनोलॅक्टोन, बिसोप्रोलॉल, डॉक्साझोसिन आणि औषध नसलेली नुसती गोळी, अशा चारही गोळ्या बारा-बारा आठवडे द्यायच्या, अशी योजना होती. रक्तदाब घरी मोजला गेला. म्हणजे तुलना एका माणसाची दुसऱ्याशी नव्हे, तर त्याची त्याच्याशीच. नुसत्या गोळीपेक्षा स्पायरोनोलॅक्टोनने वरचा आकडा सुमारे ८.७ ने अधिक उतरवला. बाकीच्या दोन औषधांपेक्षाही तिने तो सुमारे ४ ने अधिक उतरवला. पुढे २०१८ साली ब्राझीलमधल्या अभ्यासात स्पायरोनोलॅक्टोन आणि क्लोनिडिन यांचा परिणाम साधारण सारखाच दिसला, पण दिवसातून एकदाच घ्यायची म्हणून स्पायरोनोलॅक्टोनच सोयीची ठरवली गेली.

असे का व्हावे? कारण हट्टी रक्तदाबाच्या मुळाशी बहुतेक वेळा शरीरात साठलेले मीठ असते, आणि ते साठवण्याचा हुकूम देणाऱ्या अल्डोस्टेरॉनलाच ही गोळी अडवते. ठिबकाच्या भाषेत सांगायचे, तर नळी आणि मोटर दुरुस्त करूनही दाब कमी होत नव्हता, कारण विहिरीतून पाणी येतच होते. ही गोळी थेट तो झडप फिरवते.

मात्राही थोडी. सुरुवात २५ मिलिग्रॅमने, काहींना त्याच्या निम्म्याने, आणि गरज पडली तर ५० पर्यंत. ही गोळी गेल्या शतकातल्या साठच्या दशकापासून वापरात आहे आणि २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. जनऔषधी दुकानात मूळ नावाने मागावी. नवी औषधे येत आहेत. अमेरिकेत २०२३ साली किडनीच्या नसांवरील एका उपचाराला आणि २०२४ साली अॅप्रोसिटेंटन या गोळीला मान्यता मिळाली. त्यांची जागा पुढची आहे. घरातले साधे कुलूप लावायचे सोडून शहरातून तिजोरी मागवण्यात शहाणपण नाही.

पण पोटॅशियमचे काय?

आता लेखाच्या गाभ्याकडे येऊ. ही गोळी मीठ बाहेर काढते आणि पोटॅशियम आत ठेवते. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल ही औषधेही पोटॅशियम थोडे आत ठेवतातच. दोघांची जोडी जमली आणि किडनी थकलेली असली, तर रक्तातील पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाते आणि हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतातही. सर्वांत वाईट म्हणजे त्याआधी रुग्णाला काही जाणवेलच असे नाही. कोणाला हातापायांत अशक्तपणा वाटतो, कोणाला धडधडते, तर कोणाला काहीच होत नाही. नाडी पाहून किंवा चेहरा पाहून पोटॅशियम कळत नाही. ते रक्तालाच विचारावे लागते.

न विचारल्यास काय होते, याचे उदाहरण कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताचे आहे. १९९९ साली एका अभ्यासात दिसले, की हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांचे प्राण ही गोळी वाचवते. मग डॉक्टरांनी ती भराभर लिहायला सुरुवात केली. पण अभ्यासात जशी काळजीपूर्वक रक्ततपासणी होत होती, तशी रोजच्या दवाखान्यात झाली नाही. हृदय कमकुवत असलेल्या आणि एनालाप्रिलच्या घराण्यातले औषध घेणाऱ्या वयस्कर रुग्णांमध्ये, पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ साली हजारी २.४ होते. २००१ साली ते हजारी ११ झाले. गोळी तीच, चांगलीच. पण रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला, तो तपासणी गळाल्यामुळे. कॅनडासारख्या सधन देशात हे घडले, तर आपण किती सावध असायला हवे?

म्हणून नियम सोपे ठेवावेत. गोळी सुरू करण्याआधी पोटॅशियम आणि क्रिएटिनीन तपासावे. पोटॅशियम ४.५ च्या आत आणि किडनीचे काम चांगले असेल, तर ही गोळी निर्धास्तपणे विचारात घ्यावी. पोटॅशियम ५ च्या वर असेल, तर सुरू करू नये. ब्रिटनमधल्या त्या अभ्यासात किडनी बरीच मंदावलेले रुग्ण घेतलेच नव्हते, हे विसरू नये. गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी, पुन्हा महिन्याने आणि नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करावी. मात्रा वाढवली, की हा क्रम पुन्हा पहिल्यापासून.

रुग्णानेही काही पथ्ये पाळावीत. "लो सोडियम" म्हणून विकले जाणारे मीठ या गोळीसोबत घेऊ नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. एरवी चांगले असलेले नारळपाणीही रोज भरपूर घेऊ नये. दुकानातून वेदनाशामक आणू नये. लघवीच्या जंतुसंसर्गावर कोट्रायमॉक्साझोल लिहिले जात असेल, तर आपली ही गोळी डॉक्टरांना दाखवावी. जुलाब, उलट्या लागल्या किंवा उन्हात राबून लघवी कमी झाली, तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही सूचना कागदावर लिहून घरात लावावी अशी आहे.

आणखी एक दोष, जो पुरुष मंडळी लाजून सांगत नाहीत. या गोळीने काही पुरुषांची छाती दुखते किंवा स्तन वाढतात. गुपचूप गोळी बंद करू नये, सांगावे. एप्लेरेनोन हा दुसरा पर्याय आहे, त्यात हा त्रास कमी होतो. बायकांमध्ये कधी पाळी अनियमित होते. गरोदर असलेल्या किंवा होऊ इच्छिणाऱ्या बाईने ही गोळी आणि टेल्मिसार्टनच्या घराण्यातली औषधे घेऊ नयेत. तिच्यासाठी वेगळी औषधे आहेत.

ती सोसत नसेल तर

पोटॅशियम वाढले, किडनी थकलेली आहे, तर मार्ग बंद होत नाही. किडनी मंदावलेल्या रुग्णांतही क्लोरथॅलिडोनने रक्तदाब उतरतो, हे २०२१ च्या एका अभ्यासात दिसले आहे. नाडी जलद असेल किंवा हृदयाचा जुना त्रास असेल, तर बिसोप्रोलॉल. आबांना प्रोस्टेटमुळे लघवीला त्रास असेल, तर डॉक्साझोसिन किंवा प्राझोसिन एका दगडात दोन पक्षी मारते. मात्र पहिल्या दिवसांत खाटेवरून एकदम उठू नये, चक्कर येऊन पडण्याची भीती असते. क्लोनिडिन उपयोगी आहे, पण ती एकाएकी बंद केली तर रक्तदाब उसळी मारून चढतो. गोळ्या चुकवण्याची सवय असलेल्याला ती देऊ नये. अमिलोराइड हे स्पायरोनोलॅक्टोनच्या तोडीचे ठरू शकते, पण तेही पोटॅशियम आत ठेवते, तेव्हा तपासणी त्यालाही चुकत नाही.

थोडक्यात, चौथी गोळी माणूस पाहून निवडायची असते. शेजारच्या अण्णांना लागू पडली म्हणून आपल्याला पडेल असे नाही. त्यांची किडनी वेगळी, आपली वेगळी.

तपासणी परवडत नाही म्हणणाऱ्यांना

यावर आक्षेप येईल, तो आम्हाला मान्य आहे. तपासणीसाठी भोकरदन किंवा जालना गाठायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे आणि तपासणीचा खर्च. हंगामात तर कोणीच निघू शकत नाही. काही डॉक्टरही म्हणतात, की रुग्ण पुन्हा येईल याची खात्री नाही, मग द्यावी ती गोळी आणि ठेवावा देवावर भरवसा. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. जो रुग्ण परत येण्याची खात्री नाही, त्यालाच ही गोळी विनातपासणी देऊ नये. आणि खर्चाचा हिशेब मांडायचाच, तर पूर्ण मांडावा. एका बाजूला वर्षातून चार-पाच रक्ततपासण्या. दुसऱ्या बाजूला अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला घरचा कर्ता माणूस, किंवा आठवड्यातून दोन-तीनदा शहरात जाऊन करायचे डायलिसिस.

यात सरकारची जबाबदारीही तितकीच आहे. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा सरकारी उपक्रम सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. ठरावीक औषधे, ठरावीक क्रम, रुग्णाची नोंद आणि दर महिन्याला पाठपुरावा, असे त्याचे साधे सूत्र आहे. पण त्या क्रमाच्या शेवटी "तज्ज्ञाकडे पाठवा" असे येते, तिथेच खेड्यातल्या रुग्णाची खरी परवड सुरू होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. त्याचा लाभ पिंपळगावच्या रुग्णाला व्हायचा, तर रुग्णाने शहरात खेटे घालण्यापेक्षा त्याच्या रक्ताचा नमुना शहरात जावा आणि अहवाल फोनवर गावात यावा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर पोटॅशियम आणि क्रिएटिनीनची तपासणी नियमित आणि मोफत मिळावी, ही मागणी ग्रामसभेत रस्ता आणि पाण्याच्या मागणीइतक्याच जोराने झाली पाहिजे.

आणि अहवालाची वाट पाहण्याचे चार दिवस? बहुतेक रुग्णांना ते थांबणे चालते. त्या काळात चालू गोळ्या नियमित घ्याव्यात, मीठ कमी करावे. मात्र रक्तदाब खूप चढलेला असून छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका अंगातली शक्ती जाणे, दृष्टी अंधुक होणे, यांतले काहीही झाले, तर अहवालाची किंवा चौथ्या गोळीची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. घरीच जिभेखाली गोळी ठेवून दाब झटकन पाडण्याचा उद्योग करू नये. दाब एकदम कोसळल्यानेही मेंदूला आणि हृदयाला इजा होते.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना एक पिशवी सोबत न्यावी. तिच्यात घरात असतील तेवढ्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या असाव्यात, बीपीच्या, दुखण्याच्या, पुड्याही. आठवडाभराची घरची मापे आणि शेवटचा रक्ताचा अहवाल असावा. ही पिशवी टेबलावर रिकामी करावी आणि तीन प्रश्न विचारावेत. यातली कुठली गोळी बंद करता येईल? लघवीची गोळी यात आहे का? चौथी द्यायची असेल, तर माझे पोटॅशियम किती आहे, आणि पुन्हा कधी तपासायचे? असे विचारणाऱ्या रुग्णाचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही, उलट त्याचे काम हलके होते.